माहीत नसलेल्याचं ओझं

हा लेख तुम्ही बहुधा फोनवर वाचत असाल. फोनच्या आत लिथियम-आयन बॅटरी असते, आणि अशा बॅटऱ्यांच्या इलेक्ट्रोडमध्ये वीज नीट वाहावी म्हणून हल्ली कार्बन नॅनोट्यूब्ज मिसळायला सुरुवात झाली आहे. तयार बॅटरीत त्या लगद्यात घट्ट बसलेल्या आणि सीलबंद असतात. फोन हातात धरण्यात त्यांच्यापासून भिण्यासारखं काही नाही. पण बॅटरीत जाण्याआधी कधीतरी त्या कोरड्या, काळ्या, काजळीसारख्या हलक्या पावडरीच्या रूपात होत्या. कोणीतरी ती पिशवी उघडली, पावडर तोलली, ओतली. काम संपल्यावर कोणीतरी ते टेबल पुसलं.

नॅनो म्हटलं की आपल्याला पडणारा प्रश्न ठरलेला असतो : हे मला सुरक्षित आहे ना? सनस्क्रीनमधले टायटॅनियम डायऑक्साइडचे कण त्वचेतून आत जातात का, हे आपण गूगलवर शोधतो. तीच पांढरी पावडर पोत्यातून हौदात ओतणाऱ्या माणसाच्या छातीत काय जातं, हे सहसा शोधत नाही. खरं तर वस्तू वापरली जाते तिथे धोका बहुतेक वेळा कमी असतो, आणि ती बनते तिथे जास्त.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, डॉक्टर किंवा रसायनशास्त्रज्ञ नाही. त्यामुळे नॅनोकण नेमके किती घातक आहेत याचा निकाल मी देणार नाही. तो निकाल अजून पूर्ण लागलेलाच नाही, आणि मला त्याच्याही आधीचा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. एखादी गोष्ट घातक आहे की नाही हे कोणालाच नीट माहीत नसतं, तेव्हा त्या अज्ञानाचं ओझं कोणी वाहायचं?

वजन तेच, वस्तू वेगळी

आधी थोडं गणित. माणसाचा केस साधारण ८०,००० ते १,००,००० नॅनोमीटर जाड असतो. नॅनोपदार्थ म्हणजे ज्याची निदान एक बाजू १ ते १०० नॅनोमीटरच्या दरम्यान आहे असा पदार्थ. आता सोन्याचा १ सेंटिमीटर बाजूचा ठोकळा डोळ्यांसमोर आणा. त्याचा पृष्ठभाग ६ चौरस सेंटिमीटर, म्हणजे साधारण टपाल तिकिटाएवढा. त्याच ठोकळ्याचे १ नॅनोमीटर बाजूचे तुकडे केले, तर सगळ्यांचा मिळून पृष्ठभाग होतो ६,००० चौरस मीटर, जवळजवळ दीड एकर. सोनं तेवढंच, वजन तेवढंच. फक्त बाहेरच्या जगाशी त्याचा संबंध येण्याची जागा तिकिटावरून दीड एकरावर गेली.

रासायनिक क्रिया पृष्ठभागावर घडतात. म्हणूनच नॅनोपदार्थ कामाचे ठरतात : कमी मालात जास्त परिणाम. आणि म्हणूनच ते शरीरातही वेगळे वागू शकतात. सोळाव्या शतकातल्या पॅरासेल्ससपासून वैद्यकात एक तत्त्व चालत आलं आहे, की कोणतीही गोष्ट विष ठरते ती मात्रेमुळे. पण मात्रा मोजायची कशी? वजनाने मोजली तर दीड एकर आणि टपाल तिकीट यांत फरकच दिसत नाही.

हा फरक कागदावर उतरलेला एक आकडा आहे. अमेरिकेत कामाच्या ठिकाणच्या आरोग्याचा अभ्यास करणारी नायॉश नावाची सरकारी संस्था आहे. २०११ साली तिने टायटॅनियम डायऑक्साइडच्या धुळीसाठी दोन वेगळ्या मर्यादा सुचवल्या : बारीक धुळीसाठी एक घनमीटर हवेत २.४ मिलिग्रॅम, आणि अतिसूक्ष्म, म्हणजे नॅनो आकाराच्या धुळीसाठी ०.३ मिलिग्रॅम. पदार्थ एकच, रासायनिक सूत्र एकच, मर्यादा आठपट कडक.

कार्बन नॅनोट्यूब्जची गोष्ट आणखी वेगळी आहे. तिथे आकाराइतकंच रूपही महत्त्वाचं. आपल्या फुफ्फुसांच्या वायुकोशांत मॅक्रोफेज नावाच्या पेशी असतात. आत आलेला कचरा गिळून बाहेर काढणं हे त्यांचं काम. पण एखादा तंतू पेशीपेक्षाच लांब असेल, टणक असेल आणि विरघळतही नसेल, तर पेशीला तो पुरता गिळता येत नाही. अर्धा आत, अर्धा बाहेर अशा अवस्थेत ती दाहक द्रव्यं सोडत राहते. ॲस्बेस्टॉसचे तंतू नेमकं हेच करतात. २००८ साली एडिंबरा विद्यापीठातल्या संशोधकांच्या पुढाकाराने झालेला एक अभ्यास 'नेचर नॅनोटेक्नॉलॉजी'मध्ये प्रसिद्ध झाला. उंदरांच्या पोटाच्या पोकळीत लांब, सरळ नॅनोट्यूब्ज सोडल्यावर तिथल्या अस्तरावर ॲस्बेस्टॉससारखाच परिणाम दिसला. आखूड आणि गुंतवळ झालेल्या नॅनोट्यूब्जमुळे तो दिसला नाही. २०१४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने नॅनोट्यूब्जचा एक विशिष्ट प्रकार 'माणसात कर्करोग घडवण्याची शक्यता असलेला' या गटात टाकला. बाकीच्या प्रकारांबद्दल निर्णय असा, की वर्गीकरण करण्याइतका पुरावा नाही.

हे शेवटचं वाक्य नीट वाचायला हवं. 'वर्गीकरण करण्याइतका पुरावा नाही' याचा अर्थ 'सुरक्षित' असा होत नाही. 'घातक' असाही होत नाही. त्याचा अर्थ एवढाच, की अजून माहीत नाही. पण ज्याला सोमवारी सकाळी पिशवी उघडायची आहे, तो 'अजून माहीत नाही' या अवस्थेत थांबू शकत नाही. त्याला श्वास घ्यावाच लागतो.

बीजिंगच्या सात जणी

२००९ साली 'युरोपियन रेस्पिरेटरी जर्नल'मध्ये चीनमधल्या डॉक्टरांनी सात रुग्णांची हकीकत छापली. सातही स्त्रिया, वय १८ ते ४७. एका छोट्या कारखान्यात त्या एकाच खोलीत काम करत. पॉलिॲक्रिलेटचा लगदा फवारून तो तापवून वाळवायचा, असं काम. पाच ते तेरा महिन्यांत सगळ्यांना धाप लागू लागली, छातीत पाणी झालं, फुफ्फुसांवर व्रण दिसले. दोघी वारल्या. त्यांच्या फुफ्फुसांत आणि छातीतल्या पाण्यात साधारण ३० नॅनोमीटरचे कण सापडले. नॅनोकणांमुळे माणसं आजारी पडल्याची ही पहिलीच नोंद असावी, असं म्हटलं गेलं आणि जगभर बातम्या झाल्या.

लगेच वादही झाला. तज्ज्ञांनी योग्य शंका काढल्या. खोलीतल्या हवेतल्या कणांचं मोजमाप झालेलंच नव्हतं. तापवलेल्या लगद्यातून निघालेल्या रसायनांच्या वाफाही कारण असू शकतात. दोष नॅनोचाच आहे हे यातून सिद्ध होत नाही.

शास्त्र म्हणून ही शंका बरोबर आहे. पण त्याच लेखातलं खोलीचं वर्णन बघा. सुमारे ७० चौरस मीटर जागा, एकही खिडकी नाही, एकच दार. हवा ओढून बाहेर टाकणारं यंत्र पाच महिने बंद पडलेलं. बाहेर थंडी म्हणून दार लावून घेतलेलं. तोंडावर सुती मास्क, तोही अधूनमधून.

आता सांगा, दोष नॅनोकणांचा होता की वाफांचा, या प्रश्नाच्या उत्तराने या खोलीबद्दलचं आपलं मत कितपत बदलतं? यंत्र दुरुस्त करायला त्या उत्तराची गरज होती का? मला वाटतं, नव्हती. 'नेमकं कारण काय' हा प्रश्न औषधासाठी लागतो, नुकसानभरपाईसाठी लागतो, शोधनिबंधासाठी लागतो. बंद पडलेला पंखा सुरू करायला लागत नाही. पुराव्याची गरज प्रत्येक कृतीसाठी सारखी नसते, ही साधी गोष्ट अशा वादांत हरवून जाते.

दोन चुका, दोन खिसे

फ्रँक नाइट या अर्थशास्त्रज्ञाने १९२१ मध्ये जोखीम आणि अनिश्चितता यांत फरक केला. फासे टाकताना सहा पडेल की नाही हे माहीत नसतं, पण शक्यता माहीत असते, ती जोखीम. जिथे शक्यताच काढता येत नाही, ती अनिश्चितता. जोखमीचा विमा काढता येतो, हप्ता ठरवता येतो. अनिश्चिततेचा हप्ता काय लावणार? बऱ्याच नॅनोपदार्थांबाबत आपण या दुसऱ्या खान्यात आहोत.

अनिश्चिततेत निर्णय घेताना दोन प्रकारच्या चुका होऊ शकतात. पहिली : पदार्थ निरुपद्रवी होता, आपण उगाच काळजी घेतली. दुसरी : पदार्थ घातक होता, आपण उगाच निर्धास्त राहिलो. टेस्टिंग करणाऱ्या कोणालाही ही जोडी ओळखीची वाटेल. खोटा अलार्म आणि सुटून गेलेला बग. आमच्याकडे याची चर्चा बहुतेक वेळा कोणती चूक जास्त महाग पडते एवढ्यावर होते. पण इथे आणखी एक प्रश्न आहे : कोणाला महाग?

पहिली चूक झाली तर पैसे वाया जातात, ते कंपनीचे किंवा संस्थेचे. दुसरी चूक झाली तर फुफ्फुसं जातात, ती कामगाराची. कोणती चूक पत्करायची हे मात्र दोन्ही वेळा एकच पक्ष ठरवतो, पहिला. निर्णय घेणारा आणि निर्णयाची किंमत मोजणारा एकच असता, तर 'बघू, पुरावा आल्यावर ठरवू' हे वाक्य धाडसाचं ठरलं असतं. ते वेगळे असतील तर तेच वाक्य दुसऱ्याच्या खिशातले पैसे जुगारावर लावण्यासारखं होतं. दुसऱ्याच्या खिशातले आणि परत न येणारे.

म्हणून 'सिद्ध करा, मग खर्च करू' ही भूमिका तटस्थ वाटली तरी तटस्थ नसते. पुराव्याचा भार कोणावर टाकायचा, हा स्वतःच एक नैतिक निर्णय आहे. हान्स योनास या जर्मन तत्त्वचिंतकाने १९७९ सालच्या आपल्या पुस्तकात म्हटलं होतं, की तंत्रज्ञानाचे परिणाम दूरवर जाणारे असतील तेव्हा चांगल्या भाकितापेक्षा वाईट भाकिताला जास्त वजन द्यावं. त्याच्यासमोर अख्ख्या मानवजातीचं भवितव्य होतं. मला त्यात एवढीच भर घालावीशी वाटते, की वाईट भाकीत दुसऱ्या कोणाच्या तरी बाबतीत खरं होणार असेल, तर त्याचं वजन आणखी वाढतं.

दुधाने पोळलेलं तोंड

हे सगळं तर्काचं झालं. इतिहास काय सांगतो?

१८९८ साली ब्रिटनमधल्या कारखाना निरीक्षक ल्यूसी डीन यांनी आपल्या अहवालात ॲस्बेस्टॉसच्या धुळीबद्दल इशारा दिला. सूक्ष्मदर्शकाखाली ते कण काचेसारखे धारदार दिसत होते. १९२४ मध्ये रॉचडेलच्या ॲस्बेस्टॉस कारखान्यात काम केलेल्या नेली कर्शॉ वयाच्या तेहतिसाव्या वर्षी वारल्या आणि त्यांच्या आजाराची नोंद वैद्यकीय नियतकालिकात झाली. १९३१ मध्ये ब्रिटनमध्ये धुळीबद्दल नियम आले. आणि ॲस्बेस्टॉसवर तिथे पूर्ण बंदी आली ती १९९९ मध्ये. पहिल्या इशाऱ्यापासून बंदीपर्यंत १०१ वर्षं. भारतात तर ॲस्बेस्टॉस आजही आयात होतं आणि सिमेंटच्या पत्र्यांत वापरलं जातं.

ॲस्बेस्टॉसमुळे होणारा कर्करोग श्वासावाटे तंतू आत गेल्यानंतर कित्येक दशकांनी दिसतो. त्यामुळे 'आत्तापर्यंत कोणी आजारी पडलेलं नाही' या वाक्याला अशा बाबतीत फारसा अर्थ उरत नाही. कार्बन नॅनोट्यूब्जकडे जगाचं लक्ष गेलं ते सुमिओ इजिमा यांच्या १९९१ सालच्या शोधनिबंधानंतर, आणि मोठ्या प्रमाणावर उत्पादन त्याच्याही बऱ्याच नंतरचं. ॲस्बेस्टॉसचं वेळापत्रक लावलं तर आपण अजून वाट बघण्याच्याच काळात आहोत.

आपल्याकडे म्हणतात, दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. नॅनोच्या बाबतीत ही म्हण थोडी अडते. पोळलं होतं एका पिढीतल्या कामगारांचं तोंड, ताक समोर आलंय दुसऱ्या पिढीतल्या कामगारांच्या, आणि पेला भरणारे मात्र दोन्ही वेळा न पोळलेले. अनुभव ज्याचा त्यालाच शहाणं करतो असं मानलं, तर इथे कोणीच शहाणं होणार नाही. दुसऱ्याच्या पोळण्यावरून आपण फुंकायला शिकणं, याला मी नैतिकता म्हणेन.

'त्याने तर होकार दिला होता'

यावर एक नेहमीचं उत्तर असतं. कामगार सज्ञान आहे. त्याने धोका पत्करून पगार घेतला. खाणीत उतरणारा, उंच इमारतीला रंग देणारा, हे सगळे धोका पत्करतातच की.

रंगारी वर लोंबकळतो तेव्हा खाली किती मजले आहेत हे त्याला दिसतं. पडलं तर काय होतं हे त्याला कोणी सांगावं लागत नाही. ३० नॅनोमीटरचा कण दिसत नाही, त्याला वास नसतो, तो खोकलाही आणत नाही. सुरुवातीच्या वर्षांत कार्बन नॅनोट्यूब्जसोबत येणाऱ्या कितीतरी सुरक्षा माहितीपत्रकांवर साध्या ग्रॅफाइटची माहिती उतरवलेली असे. दोन्ही कार्बनच, हा तर्क. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? पत्रक वाचून काळजी घेणारा कामगार पेन्सिलीच्या शिशाएवढीच काळजी घेणार.

अमेरिकेतल्या एका २६ वर्षांच्या रसायनतज्ज्ञ तरुणीचं उदाहरण २०१४ साली प्रसिद्ध झालं. ती निकेलच्या नॅनोकणांची पावडर टेबलावर उघड्यावर, कोणतंही संरक्षण न घेता तोलत असे. तिचा घसा खवखवू लागला, नाक चोंदू लागलं, चेहरा लाल होऊ लागला, आणि कानातल्यांची आणि पट्ट्याच्या बक्कलचीही तिच्या त्वचेला ॲलर्जी सुरू झाली. ती रसायनशास्त्र शिकलेली होती. शिकलेल्या माणसाचा होकारही इतका आंधळा असू शकतो, तर कंत्राटी सफाई कामगाराच्या होकाराला काय अर्थ द्यायचा?

तरीही अज्ञानात होकार देणं अशक्य आहे असं मी म्हणणार नाही. नव्या औषधाच्या चाचणीत भाग घेणारा माणूस अज्ञातालाच होकार देतो. पण त्याला तसं सांगितलेलं असतं : हे अजून माहीत नाही, तुम्ही केव्हाही बाहेर पडू शकता, दरम्यान आम्ही तुमच्यावर लक्ष ठेवू. भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८७ साली आपल्या कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली आणि धोकादायक प्रक्रियांबद्दलची माहिती कामगारांना देणं मालकावर बंधनकारक झालं. आता प्रश्न असा, की मालकालाच माहीत नसेल तर त्याने काय सांगायचं? माझं उत्तर : हेच सांगायचं. 'आम्हाला माहीत नाही' हीसुद्धा माहिती आहे, आणि कामगाराच्या दृष्टीने सगळ्यात मोलाची. ती दडवून 'काही होत नाही, सगळे करतात' म्हणणं म्हणजे त्याला न विचारता प्रयोगात सामील करून घेणं.

पंखा कोणासाठी बंद?

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. इतकी सावधगिरी बाळगली तर विज्ञान पुढे कसं जाणार? नॅनोकणांमुळे कर्करोगावरची औषधं सुधारली. कोविडच्या एमआरएनए लसी मेदाच्या नॅनोकणांत गुंडाळूनच शरीरात पोचल्या. छोट्या कारखानदाराला खर्च झेपला नाही तर कारखाना बंद होईल, आणि ज्याच्यासाठी हे सगळं चाललंय त्या कामगाराचीच नोकरी जाईल.

आक्षेप खरा आहे, पण तो बंदीला लागू होतो. सावधगिरी म्हणजे बंदी नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये नॅनोपदार्थ हाताळणाऱ्या कामगारांसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांचा पाया दोन गोष्टींचा : शंका असेल तिथे संपर्क शक्य तितका कमी करा, आणि उपायांचा क्रम पाळा. क्रम असा : आधी घातक पदार्थ टाळता किंवा बदलता येतो का बघा, मग यंत्रणेने अडवा, मग कामाची पद्धत बदला, आणि मास्क-हातमोजे सगळ्यात शेवटी. आपल्याकडे हा क्रम नेमका उलटा चालतो. मास्क वाटला की सुरक्षा झाली.

यातले कितीतरी उपाय महाग नाहीत. कोरड्या पावडरीऐवजी द्रावणात मिसळलेला माल वापरला तर हवेत उडणारे कण एकदम कमी होतात. तोलण्याचं काम हवा ओढून घेणाऱ्या कपाटात करता येतं. कोरडा झाडू मारण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसता येतं. गाळण्यांबद्दल तर एक गमतीची गोष्ट आहे. कण जितका बारीक तितका तो गाळणीतून निसटणार, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात पकडायला सगळ्यात अवघड असतात ते साधारण ३०० नॅनोमीटरच्या आसपासचे कण. त्याहून खूप बारीक कण हवेच्या रेणूंचे धक्के खात वेडेवाकडे भटकतात आणि गाळणीच्या तंतूंना चिकटतात. म्हणजे चांगली गाळणी नॅनोकण अडवते. मास्कच्या कडेला राहिलेली फट मात्र काहीच अडवत नाही.

माझा एक वर्गमित्र एम.टेक.ला नॅनोट्यूब्जवर काम करायचा. त्यांच्या लॅबमध्ये पावडर तोलताना पंखा बंद ठेवायचा नियम होता आणि तो सगळे काटेकोर पाळायचे. कारण पावडर उडून वाया गेली असती, आणि ती महाग होती. मला हा नियम फार बोलका वाटतो. सावधगिरी आपल्याला जमत नाही असं नाही. ती कशाच्या बाजूने घ्यायची, हे ठरलेलं असतं. संध्याकाळी ते टेबल पुसायला येणाऱ्या मावशींसाठी कोणताच नियम नव्हता.

धुळीच्या कारखान्यात कामगारांना गूळ द्यायची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. गुळाने घशातली धूळ निघून जाते असा समज. गिरणगावातल्या कापसाच्या धुळीनेही माणसांच्या छात्या भरल्या. बिसिनोसिस हे त्या आजाराचं नाव, आणि सुटीनंतर सोमवारी कामावर आलं की छाती आवळून येणं ही त्याची ओळख. गूळ देणारा वाईट नसतो, आपुलकीनेच देतो. पण गूळ स्वस्त आहे आणि हवा ओढणारी यंत्रणा महाग. आपुलकी जिथे खर्चाची जागा घेते, तिथे जरा थांबून बघायला हवं.

पक्ष्याचा पिंजरा

सॉफ्टवेअरमध्ये 'कॅनरी रिलीज' नावाची पद्धत आहे. नवं व्हर्जन आधी थोड्याच वापरकर्त्यांना द्यायचं. काही बिघडलं तर मागे घ्यायचं, बाकीचे वाचतात. हा शब्द कोळशाच्या खाणींतून आला. भारतात स्थायिक झालेल्या जे. बी. एस. हॉल्डेन यांचे वडील जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस खाणीतला कार्बन मोनॉक्साइड ओळखायला लहान प्राणी-पक्षी वापरावेत असं सुचवलं. माणसाच्या आधी कॅनरी पक्षी कोसळायचा आणि खाणकाम करणाऱ्यांना बाहेर पळायला वेळ मिळायचा. ब्रिटनच्या खाणींत हे १९८६ पर्यंत चाललं.

यातल्या दोन गोष्टी आम्ही शब्द उचलताना मागे सोडल्या. एक म्हणजे, हॉल्डेननी तो विषारी वायू आधी स्वतः हुंगून त्याचे परिणाम नोंदवले होते. माहीत नसलेल्याचं ओझं त्यांनी पहिल्यांदा स्वतःच्या छातीवर घेतलं. दुसरी म्हणजे, पुढे पक्ष्यासाठी खास पिंजरे बनले. त्यांच्यावर ऑक्सिजनची छोटी बाटली बसवलेली असे. पक्षी कोसळला की दार लावून ऑक्सिजन सोडायचा, म्हणजे तो शुद्धीवर येई. कॅनरीसाठीसुद्धा परतीची सोय होती.

नव्या पदार्थांच्या बाबतीत कामगार हाच पहिला वापरकर्ता असतो. ग्राहकाच्या कितीतरी आधी, आणि कितीतरी जास्त प्रमाणात तो पदार्थ त्याच्यापर्यंत पोचतो. फुफ्फुसाला रोलबॅक नसतो. मग निदान लॉग तरी असावा, एवढी अपेक्षा गैर आहे का? कोणी, कोणता पदार्थ, किती दिवस, कशा प्रकारे हाताळला, याची साधी नोंद.

१९९५ साली ॲस्बेस्टॉस कामगारांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कामगाराचं आरोग्य हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला, आणि प्रत्येक कामगाराची आरोग्यविषयक नोंद कामाला लागल्यापासून किमान ४० वर्षं, किंवा काम सुटल्यानंतर १५ वर्षं, यातलं जे नंतर येईल तोपर्यंत जपायचा आदेश दिला. न्यायालयाने आजाराचं वेळापत्रक ओळखलं होतं. नॅनोपदार्थ हाताळणारे बरेच जण मात्र कंत्राटावर असतात किंवा दोन वर्षांसाठी आलेले विद्यार्थी असतात. वीस वर्षांनी कोणाला धाप लागली, तर तो कोणत्या लॅबमध्ये कोणत्या पावडरीजवळ उभा होता, हे कोण सांगणार? नोंद नसेल तर पुरावा कधीच जमणार नाही, आणि पुरावा नाही म्हणून काळजी घेतली जाणार नाही. 'माहीत नाही' ही अवस्था अशा प्रकारे स्वतःलाच टिकवून धरते. तेव्हा ते अज्ञान निसर्गाने दिलेलं राहत नाही. आपण नोंद न ठेवून ते तयार केलेलं असतं, आणि त्याची जबाबदारीही आपलीच.

नायॉशने २०१३ साली कार्बन नॅनोट्यूब्जसाठी एक घनमीटर हवेत १ मायक्रोग्रॅम ही मर्यादा सुचवली. हा आकडा आला कुठून? त्यांच्या मोजण्याच्या पद्धतीने खात्रीने मोजता येईल असं सगळ्यात कमी प्रमाण तेवढंच होतं. म्हणजे ही रेष सुरक्षिततेची नाही, उपकरणाच्या नजरेची आहे. मला त्यात एक प्रामाणिकपणा दिसतो. दिसतं तिथपर्यंत आम्ही अडवू, असं ती रेष म्हणते. अनिश्चिततेत माणसाकडून याहून जास्त मागता येत नाही, आणि याहून कमी मागूही नये.

तुमच्यातले काही जण मटेरियल सायन्स, केमिकल किंवा फार्मा शिकत असतील, बॅटरीच्या किंवा कोटिंगच्या कारखान्यात लागणार असतील. पहिल्या दिवशी विचारण्यासारखे चार प्रश्न आहेत. हा पदार्थ कोरडा हाताळायलाच हवा का? हवा ओढणारं यंत्र सुरू आहे का, आणि ते शेवटचं कधी तपासलं? याबद्दल काय माहीत नाही, ते कुठे लिहिलंय? आणि इथे काम केलेल्यांची नोंदवही आहे का? ती असेल तर उघडून बघा, तुमचं नाव त्यात असेल. मग टेबल पुसणाऱ्या मावशींचं शोधा.